खुर्द्यातली प्रेमकथा

मागच्या महिन्यात घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी एका पुस्तकाचा फोटो टाकला आणि त्यावरून दोन दिवस जे काही चाललं ते अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. पुस्तक साधंच, इथे स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसच्या एका चॅरिटी शॉपमध्ये पन्नास पेन्सला घेतलेलं, ज्याला हायलँड रोमान्स म्हणतात त्यातलं, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या प्रेमकथा. कव्हरवर किल्टमधला शिपाई, मागे डोंगर आणि धुकं. आत एक लाजरीबुजरी मुलगी जिच्या तोंडून चारचौघांत शब्द फुटत नाही, आणि लढाईतून जखमी होऊन आलेला एक सैनिक. बास, एवढंच. तर जालन्याच्या काकांचा पहिला मेसेज, "इतिहासाचा असा खेळ मांडलेला चालतो का गं तिकडे? कुणी काही बोलत नाही?" आणि पाठोपाठ पुण्याची भाची, "आत्या, लाजाळू हिरॉइन? अजून? मुलींनी खाली मान घालून बसायचे दिवस गेले ना आता." मग काकांनी २०१५ चा तो बाजीराव-मस्तानीचा सिनेमा काढला, त्यात काशीबाईंना नाचताना दाखवलं म्हणून केवढं रान उठलं होतं ते आठवत असेल, आणि मग जो तो आपापल्या बाजूने सुरू झाला. इतिहासात प्रेमकथा घुसडायची की नाही, थोरांचा अपमान कशाने होतो, लेखकाला किती मोकळीक द्यायची, हे सगळं परत एकदा पहिल्यापासून.

मी तेव्हा गप्प बसले कारण फोनवर टाइप करून सांगण्यासारखं ते नव्हतंच. पण माझं म्हणणं आहे की काका आणि भाची दोघंही एका गोष्टीकडे बघतच नाहीयेत.

मी राहते तिथून कलोडन बसने वीस-पंचवीस मिनिटांवर. १६ एप्रिल १७४६ ला तिथल्या माळावर शेवटची लढाई झाली, एकीकडे स्टुअर्ट घराण्याची गेलेली गादी परत मिळवायला आलेल्या राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टच्या मागे उभे राहिलेले बंडखोर, म्हणजे जॅकोबाइट, त्यात बहुतेक हायलँडर, आणि दुसरीकडे ड्यूक ऑफ कंबरलँडची सरकारी फौज. तासाभराच्या आत सगळं संपलं. जॅकोबाइटांचे दीड हजाराच्या आसपास मेले आणि जखमी झाले, सरकारी बाजूचे पन्नास-एक मेले. लोक म्हणतात इंग्रज विरुद्ध स्कॉट, पण तसं नव्हतं, सरकारी फौजेतही स्कॉट होतेच, कॅम्पबेल होते, मन्रो होते. काही घरं तर मधोमध चिरली गेलेली. अॅन मॅकिंटॉश नावाची बाई राजपुत्रासाठी माणसं गोळा करत होती आणि तिचा नवरा सरकारी पलटणीत कॅप्टन. तो पकडला गेला तेव्हा त्याला तिच्याच ताब्यात दिलं म्हणतात. अशा ठिकाणी प्रेमकथा मुद्दाम घुसडावी लागतच नाही, ती तिथे असतेच.

त्या माळावर ओळीने दगड उभे आहेत, १८८१ मध्ये बसवलेले. ज्या खड्ड्यांत प्रेतं एकत्र पुरली त्यांच्या कडेला कुळांची नावं कोरून ठेवलीयेत. फ्रेझरांचा दगड सगळ्यात गर्दीचा, 'आउटलँडर' ह्या टीव्ही सिरियलमुळे, तिचा नायक फ्रेझर आहे, तिथलं गवत लोकांनी तुडवून पार संपवलं होतं. मी मात्र दर वेळी पुढे जाऊन एका दगडापाशी थांबते, त्यावर फक्त लिहिलंय 'मिक्स्ड क्लॅन्स', म्हणजे मिसळलेली कुळं. कोण कुठला ते कळलंच नाही असे सगळे तिथे. गेल्या हिवाळ्यात गेले तेव्हा त्याच्या पायाशी कुणीतरी हेदर ह्या इथल्या माळावरच्या झुडपाची एक वाळकी काडी दोऱ्याने बांधून ठेवली होती, दोरा लोकरीचा, घरातला असावा तसा, आणि दगडावर शेवाळं इतकं की अक्षरं बोटाने चाचपून वाचावी लागली. मला तिथे दर वेळी पानिपतनंतरचा तो निरोप आठवतो, आपल्या सगळ्यांना पाठ असलेला, मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही.

तर माझं म्हणणं हे आहे. आपले सगळे वाद मोत्यांचे आणि मोहरांचे आहेत. कादंबरी कुणावर तर राजावर, पेशव्यावर, सरदारावर, फार तर त्यांच्या राण्यांवर. मग साहजिकच अपमान झाला की नाही हा वाद येणार, कारण ती माणसं आपल्या देव्हाऱ्यात बसलेली आहेत. हायलँडच्या ह्या पन्नास पेन्सच्या पुस्तकांमध्ये हजार चुका असतात पण ती खुर्द्याची गोष्ट सांगतात. राजपुत्र कुठेतरी लांब, त्यात एखाद्या ओळीपुरता. पुढे कोण तर कुणा लहानशा घरातली, बोलता न येणारी मुलगी आणि एक शिपाई. आपल्याकडे खुर्द्यातल्या शिपायाची प्रेमकथा कुणी लिहिलीय म्हणून मी आठवायला बसले तर एका हाताची बोटं पण भरली नाहीत.

चुका सांगते, कारण त्या लपवून बाजू मांडण्यात अर्थ नाही. कव्हरवरचा तो किल्ट. कलोडननंतर सरकारने कायदा केला आणि १ ऑगस्ट १७४७ पासून हायलँडच्या पुरुषांना किल्ट, प्लेड म्हणजे अंगावर घ्यायचं लोकरीचं वस्त्र, आणि टार्टन म्हणजे चौकड्यांचं कापड घालायला बंदी. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, परत सापडला तर सात वर्षं समुद्रापार हद्दपार. ही बंदी उठली १७८२ ला, म्हणजे पस्तीस वर्षं. सूट एकालाच, राजाच्या सैन्यात भरती झालेल्याला. म्हणजे त्या काळातल्या कुठल्या कादंबरीत नायक राजरोस किल्ट घालून फिरत असेल तर तो त्याच राजाचा शिपाई ज्याच्या फौजेने त्याच्या बापाचं घर जाळलं! हे केवढं मोठं दुःख आहे, केवढी मोठी कथा आहे, आणि ही पुस्तकं त्याला फक्त कपडे म्हणून वापरतात. दुसरं म्हणजे भाषा. ही माणसं गेलिक बोलायची, नायिका इंग्लिश साहेबासमोर गप्प आहे ती लाजाळू आहे म्हणून की तिला त्याची भाषाच येत नाही म्हणून, हे लेखक विचारतच नाही. आणि प्रत्येक कुळाचं वेगळं टार्टन वगैरे जे दाखवतात ते बरंचसं पुढचं, १८२२ मध्ये चौथा जॉर्ज राजा एडिंबरोला आला तेव्हाच्या थाटामाटानंतर बोकाळलेलं.

आता भाचीच्या लाजाळू हिरॉइनबद्दल. बाळा, तुझा राग मला कळतो, मी पण त्या वयात तेच म्हणायचे. पण गप्प राहणं म्हणजे दर वेळी दबणं नसतं गं. १७४६ च्या उन्हाळ्यात लाल कोटातले शिपाई घरोघर शोधत फिरत होते, गोठ्यात कुणी लपलंय का विचारत होते, तेव्हा जी पोरगी खाली बघत उभी राहिली आणि काहीच बोलली नाही तिच्या त्या गप्प राहण्यावर माणसं जगली. फ्लोरा मॅकडोनल्ड चोवीस वर्षांची होती, तिने राजपुत्राला बाईचे कपडे घालून, आपली आयरिश मोलकरीण म्हणून, होडीतून स्काय बेटावर नेलं. तिचं नाव राहिलं कारण तो राजपुत्र होता. बाकीच्या किती जणींनी किती साध्या माणसांना लपवलं ते कोण सांगणार.

आणि चारचौघांत न बोलणारी बाई बोलायची कुठे, तर कामात. इथे बेटांवर नवीन विणलेलं लोकरीचं कापड शिळ्या मुतात भिजवून बायका फळीभोवती बसून आपटायच्या, घट्ट व्हावं म्हणून, आणि आपटताना गाणी, एकीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी धरायची, पुरुषाला तिथे जागा नाही. मी पहिल्यांदा त्याचं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा स्वयंपाकघरात उभी होते आणि हातातलं काम राहूनच गेलं, कारण मला माझी आजीच ऐकू आली, जातं ओढताना. आजी आजोबांचं नाव कधी घ्यायची नाही, उखाण्याशिवाय नाहीच, पण ओवीत तोच माणूस 'माझा चुडा' व्हायचा आणि त्याच्यावरचा राग, त्याची वाट बघणं, सगळं यायचं त्यात. पुण्यात गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर ह्यांनी अशा एक लाखावर ओव्या गोळा केल्या. आपल्या लाजऱ्या बायकांचं केवढं बोलणं आहे ते, कादंबरीकारांनी त्यातून किती उचललं?

इथे क्रिस्टीना फर्ग्युसन नावाची बाई होती, तिचा नवरा विल्यम चिझम कलोडनला पडला. तिने त्याच्यासाठी रचलेलं गेलिक गाणं अजून गातात. त्यात ती थेट राजपुत्राला नाव घेऊन सांगते की तुझ्यापायी माझं वाटोळं झालं. ज्याच्यासाठी नवरा मेला त्यालाच! आणि पावणेतीनशे वर्षं झाली, राजपुत्राचा अपमान झाला म्हणून ते गाणं कुणी बंद पाडलं नाही. काका, हे मला तुम्हाला सांगायचं होतं. आपल्याकडे पानिपतावर नवरा गेलेल्या एखाद्या शिपायाच्या बायकोने भाऊसाहेबांना असं सुनावलेलं कादंबरीत आलं तर आपण ऐकून घेऊ का? मला वाटतं घ्यायला पाहिजे, तिचा तेवढा हक्क आहे.

एक खरं की इथल्या लोकांना हे सोपं जातं. स्टुअर्टांच्या नावावर आज कुणी निवडणूक लढवत नाही, आपल्याकडे इतिहास रोजच्या राजकारणात जिवंत आहे, त्यामुळे काकांची धास्ती मी उगीच म्हणणार नाही. आणि इथली माणसं पण काही थंड नाहीत, कलोडनच्या आजूबाजूला घरं बांधायचं निघालं की असे पेटून उठतात की विचारू नका. पण ते भांडतात जमिनीसाठी. गोष्ट कुणी कशी सांगावी ह्यावर नाही.

आता असईचं. २३ सप्टेंबर १८०३. आमच्या जालना जिल्ह्यातलं गाव, केळना आणि जुई नद्यांच्या बेचक्यातलं. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज एकीकडे आणि इंग्रजांचा सेनापती वेलस्ली दुसरीकडे. शाळेत दोन ओळींत संपवलेली लढाई. इन्व्हर्नेसजवळ फोर्ट जॉर्ज किल्ला आहे, कलोडननंतर हायलँडवर वचक ठेवायला बांधलेला, तिथे सैन्याचं म्युझियम आहे, आणि तिथे गेल्यावर मला नीट लक्षात आलं की वेलस्लीच्या गोऱ्या पायदळाच्या पलटणी ७४वी आणि ७८वी हायलँडर होत्या. ७८वी तर इथलीच, रॉस-शायर आणि लुइस बेटावरची पोरं, १७९३ मध्ये उभी केलेली. त्यांना असईबद्दल हत्तीचं चिन्ह मिळालं. म्हणजे कलोडनला हरलेल्यांची नातवंडं सत्तावन्न वर्षांनी राजाचा कोट घालून माझ्या गावाकडे लढायला आली होती. आमचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, तोफांपाशीच संगिनींनी मारले गेले, हे शत्रूनेच लिहून ठेवलंय. नावं नाहीत.

त्या काळी पलटण परदेशी निघाली की शंभर शिपायांमागे साधारण सहाच बायकांना बरोबर न्यायची परवानगी असे. निवड चिठ्ठ्या टाकून. बंदरावर, टोपीत हात घालून बाईने स्वतः चिठ्ठी काढायची, 'जायचं' किंवा 'नाही जायचं'. मला ती मुलगी दिसते, गेलिकशिवाय काही न येणारी, सगळ्या पलटणीसमोर लाजेने लाल झालेली, घडी उघडली तरी वाचता येत नाही म्हणून शेजारणीच्या तोंडाकडे बघणारी. आणि त्याच वेळी कुठेतरी दुसरी एक मुलगी, जिचा नवरा शिंद्यांच्या तोफखान्यात आहे, सासूसमोर त्याचं नाव काढू शकत नाही, कुणाला विचारायचं की लढाई कुठे आहे. ह्या दोघींची एक कादंबरी मला वाचायचीय. मराठीत. त्यात वेलस्ली एका ओळीत आला तरी चालेल, दौलतराव शिंदे पण एका ओळीत. कुणाच्या भावना दुखावतील? दोघींच्या दुखावल्या होत्या, त्यांचं आधी सांगू या.

परवा मी काकांना फोन केला, ग्रुपवर नाही, सरळ फोन. म्हटलं काका, असईच्या बाजूला आपलं कुणी आहे का अजून. ते म्हणाले आहे की, एक म्हातारी आहे ओळखीची, नव्वदीची असेल, तिला जात्यावरचं पुष्कळ येतं, ज्वारी निघाली की जाऊन येतो. मग जरा थांबून म्हणाले, "पण विचारू काय तिला? लढाईचं?" मी म्हटलं लढाईचं नका विचारू, नवरा गावाला गेला की बायका दळताना काय म्हणायच्या तेवढं विचारा, आणि फोन तिच्या जवळ धरा, आवाज बारीक असतो त्या वयात.