"सोप्या शिफ्टवाल्यांचे मार्क कापले" हा मेसेज वाचून झोप उडालेल्यांसाठी

सीईटीचा, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की दोन गोष्टी हमखास येतात, पेढे आणि तो मेसेज. यावेळी तो बहिणीच्या मोबाईलवर आला, बावड्यातल्या कुठल्यातरी पालक ग्रुपवरनं, आणि सकाळी सातला तिचा फोन. "दादा, मी रातभर झोपलो न्हाई, पोरीचे मार्क कापल्यात म्हणं." (आमच्याकडं बायका 'झोपलो'च म्हणतात, पुण्याच्यांनी हसू नये.)

मेसेज लांबलचक आहे, सगळा इथं टाकत नाही. म्हणणं एवढंच की सोपी शिफ्ट (परीक्षा वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या पेपरनं होते, त्यातला एकेक गट म्हणजे शिफ्ट) आलेल्यांचे मार्क कापून अवघड शिफ्टवाल्यांना वाटतात, ९५ पर्सेंटाइल म्हणजे २०० पैकी १९०, तीन विषयांची सरासरी आणि टोटल जुळत नाही म्हणजे घोटाळा, ज्या शिफ्टला पोरं कमी त्यांची चांदी, आणि वर कोल्हापूर बोर्डाचे बारावीचे मार्क खाली ओढून सीबीएसईवाल्यांचे वाढवतात. खाली लाल अक्षरात 'जास्तीत जास्त शेअर करा', ते तर असतंयच.

मी घरी आठ-दहा पोरांना गणित शिकवतो, लई मोठा तज्ज्ञ नाही. पण हा हिशेब आठवीचं पोरगंसुद्धा करेल.

आधी ते मार्क कापायचं. कुणाचाच एक मार्क कापत नाहीत आणि कुणाला देतही नाहीत. तुमच्या शिफ्टला जेवढी पोरं बसली त्यातल्या किती जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क पडले ते मोजायचं, एकूण पोरांनी भागायचं, १०० नं गुणायचं, झालं पर्सेंटाइल. समजा अवघड शिफ्टला २०,००० पोरं बसली आणि ११२ मार्कवाल्याच्या बरोबरीला किंवा खाली १९,००० आहेत, तर त्याला ९५. सोप्या शिफ्टलाही २०,००० आणि तिथं १९,००० चा आकडा १३१ मार्कांवर येतोय, तर १३१ वाल्याला ९५. (हे आकडे मी हिशेबापुरते घेतलेत, लगेच स्क्रीनशॉट मारू नका.) आता १३१ वाल्याच्या घरी बोंब, की आमचे १९ मार्क गेले कुठं? गेले नाहीत हो. पेपर सोपा होता म्हणून त्याच्या शेजारच्याला पण जास्तच पडलेत. दूध संस्थेत गायीचं आणि म्हशीचं दूध एकाच तक्त्यात बसवून भाव काढत नाहीत, तसंच हे, ज्याचं त्याच्या जातकुळीत बघायचं.

पण, आणि इथं मला थांबायचंय, सोप्या शिफ्टबद्दलच्या तक्रारीत एक गोष्ट खरी आहे आणि ती नेमकी त्या मेसेजमध्ये नाही. पेपर सोपा असला की वरच्या टोकाला पोरांची गर्दी होते, रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर होते तशी. मॅथ्सचा एक प्रश्न २ मार्काला असतो, तो येत असून गडबडीत चुकला तर त्या गर्दीत तुमच्या पुढं एकदम शेकडो पोरं जातात आणि पर्सेंटाइल बऱ्यापैकी घसरतं. अवघड शिफ्टला वर जागा मोकळी असते, तिथं तेच २ मार्क गेले तरी एवढी पडझड होत नाही. म्हणजे सोप्या शिफ्टला निष्काळजीपणा महाग पडतो, याला कापाकापी म्हणत नाहीत. आमची भाची परीक्षा देऊन बाहेर आली ती हसतच, "मामा, सोप्पा होता!" तेव्हाच मी मनात म्हटलं, झालं आता.

आणखी एक. हे सगळं गणित दोन्ही शिफ्टला सारख्याच तयारीची पोरं बसली असं धरून चालतंय. शिफ्ट आपण निवडत नाही, हॉलतिकिटावर येते, आणि पोरं हजारांनी असतात म्हणून सरमिसळ होते असं मानलं जातं. ते धरून चालणंच चूक आहे असं कुणाला म्हणायचं असेल तर तो वाद घालण्यासारखा आहे, मी पण चहा घेऊन बसेन. शिफ्टवार मार्क आणि पर्सेंटाइलचा तक्ता ठळक लावला पाहिजे या मताचा मी आहेच. पण मार्क चोरले हा वाद नाही, आरोळी आहे.

आणि पेपरच चुकीचा असेल तर पर्सेंटाइल काढून काही उपयोग नसतो. २७ एप्रिल २०२५ च्या शिफ्टला मॅथ्सच्या २१ प्रश्नांत चुका निघाल्या, तेव्हा परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलनं नॉर्मलायझेशनवर (म्हणजे वेगवेगळ्या पेपरांचे मार्क एका पातळीवर आणण्यावर) भागवलं नाही, ५ मेला त्या पोरांची फेरपरीक्षा घेतली.

९५ म्हणजे १९०, यावर वेळ घालवत नाही. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९५ म्हणजे साधारण १०० त ५ जण तुमच्या पुढं, त्याला १९० च्या कितीतरी खालचे मार्कही पुरतात. प्रत्येक शिफ्टच्या पहिल्या नंबरला १०० च मिळतात, मग त्याचे मार्क १९८ असोत नाहीतर १७६.

पोरं कमी म्हणजे चांदी, हे पण नाही. भागाकार आहे तो, वरचं कमी झालं तर खालचंही कमी होतंय.

आता सरासरीचं. भाचीच्या स्कोअरकार्डवर फिजिक्स ८८, केमिस्ट्री ८६, मॅथ्स ९० आणि टोटल ९१ (दशांशानंतरचे सात आकडे सोडून देतो). बहिणीचं म्हणणं, सरासरी ८८ येत्या, मग ९१ कुठनं आले, नंतर परत काढून घेतील का? म्हणजे रात्री मार्क कापले म्हणून रडली आणि सकाळी जास्त दिले म्हणून घाबरली! अगं, टोटलचं पर्सेंटाइल हे तीन पर्सेंटाइलची सरासरी नसतंय, ते २०० पैकी एकूण मार्कांवर वेगळं काढतात. चार पोरं घे. पहिल्याला फिजिक्स ४८, केमिस्ट्री ३०, मॅथ्स ५०. दुसऱ्याला २८, ४७, ५२. तिसऱ्याला ३०, ३१, ८४. चौथीला ४५, ४४, ८०. चौथी एकाही विषयात पहिली नाही, तिन्हीत दुसरी. पण बेरीज कर, १२८, १२७, १४५ आणि तिची १६९. टोटलमध्ये पहिली! एका विषयात उडणारी पोरं दुसऱ्यात आपटतात आणि तिन्हीत बरी असणारी पोरगी टोटलमध्ये वर येते, यात कसला घोटाळा.

राहिलं कोल्हापूर बोर्ड. हे वाचून मला खरंच राग आला. राज्य मंडळाची नऊ विभागीय मंडळं आहेत, आपल्यात कोल्हापूर, सांगली, सातारा येतात, आणि बारावीचा पेपर सगळ्या राज्याला एकच. इंजिनिअरिंगच्या मेरिटला बारावीचे मार्क मिळवतच नाहीत तर ओढणार कुठून? पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ओपनला ४५ टक्के, आपल्या राज्यातल्या राखीव प्रवर्गाला ४० टक्के, एवढी पात्रता लागते. अगदीच टाय झाली तर विषयांचे पर्सेंटाइल बघून झाल्यावर बारावीचा नंबर लागतो, तेवढंच.

अफवा मात्र हवेतनं आलेली नाही. २०१३ ते २०१६ जेईई मेनच्या, म्हणजे देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेच्या, रँकला बारावीचे मार्क ४० टक्के धरायचे, आणि बोर्डं वेगवेगळी म्हणून ते नॉर्मलाइज करायचे. २०१७ पासून बंद झालं. तमिळनाडूत इंजिनिअरिंगला प्रवेश परीक्षाच नाही, बारावीवर प्रवेश, म्हणून तिथं बोर्डांची बरोबरी आजही करतात. राज्य बोर्डाचा टॉपर १०० वर आणि दुसऱ्या बोर्डाचा ९० वर असेल तर त्या ९० ला १०० धरतात आणि त्या बोर्डाच्या ६० वाल्याचे ६६.६६ होतात. कुणीतरी हे अर्धवट ऐकलं, त्याला कोल्हापूर चिकटवलं आणि पुढं ढकललं.

हे सगळं बहिणीला फोनवर सांगायला पाऊण तास गेला, तिकडं दूध उतू गेल्याचा आवाज पण आला. शेवटी म्हणाली, "म्हंजे ते ९१ खरं हाय नव्हं? मग तेवढंच ग्रुपवर टाकतो, बाकीचं तू लिही."