घट्ट ऑइल टाका, साहेब!

जुन्या मारुती ८०० साठी ऑइल मागितलं की डब्याच्या आधी सल्ला काउंटरवर येतो. "घट्ट टाका, साहेब, जुनी गाडी आहे." क्लचची वायर घ्यायला आलेला रिक्षावाला मान डोलावतो. घरी, जन्मात स्कूटरच्या पुढे न गेलेले काकाही तेच सांगतात. घट्ट म्हणजे किती, हे विचारणं मात्र उद्धटपणात मोडतं.

आम्ही जुन्या गाडीवाले तेवढे उद्धट असतो. डब्यावर २०डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं. त्यातला ४० तापलेल्या इंजिनाचा: १०० अंश सेल्सिअसला ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्समध्ये (हे घट्टपणाचं माप) बसलं पाहिजे. १६.३ पासून पुढे ५० सुरू. डब्ल्यूचा आकडा थंडीचा. ५डब्ल्यूची स्टार्टिंगची परीक्षा उणे ३० अंशांवर होते, आणि निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या तरी पारा तिथवर जात नाही. म्हणून २०डब्ल्यूने आपल्याकडे काही अडत नाही. १०डब्ल्यू किंवा १५डब्ल्यू मिळालं तर बरंच, कारण पहाटे स्टार्टर मारल्यावर ते इंजिनाच्या माथ्यावरच्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत लवकर पोचतं. गाडीच्या पुस्तकात तापमानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता असतो. ते पुस्तक सहसा डॅशबोर्डच्या कप्प्यात, जुन्या पीयूसींच्या थराखाली सापडतं.

मग घट्ट ऑइलचं एवढं कौतुक का? ते टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांची, टकटक दाबतं. टॅपेटचा गॅप मात्र होता तेवढाच राहतो. तो फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सेट करायचा असतो आणि ते काम डबा विकण्याइतकं सोपं नाही. गाडी ऑइल खात असेल तर आधी धूर बघावा. सकाळी स्टार्ट करताना निळा भपका येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील गेलेत. चढावर ॲक्सिलरेटर दाबताना येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा. रिंगा गेलेल्या गाडीत ५० चं ऑइल चालेल, पण ती उधारी आहे. उतरल्यावर ऑइल दुधाळ दिसलं तर ग्रेडचा विषय तिथेच बंद करा. पाणी आत शिरतंय, हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) बघा. नुसतं काळं दिसलं तर घाबरू नका, मळ धरून ठेवणं हेच त्याचं काम.

डब्यावर ऑइलचा दर्जा सांगणारी एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची) अक्षरंही असतात. त्यांत पेट्रोलचं एस आणि डिझेलचं सी. पुढचं अक्षर जितकं पुढचं तितकं ऑइल नवं, आणि पेट्रोलमधलं नवं अक्षर जुन्या इंजिनाला चालतं. 'जुन्या गाडीला जुनंच अक्षर' हा हट्ट ८०० च्या बाबतीत तरी उगाच.

ऑइलवर एवढा खल करणारा माणूस फिल्टर मात्र "कुठलाही द्या" म्हणून घेतो, याचं मला नवल वाटतं. आटे बसले म्हणजे फिल्टर बसला, असं नव्हे. रबराचा व्यास आणि आतल्या बायपास व्हॉल्व्हचं (फिल्टर तुंबला तर ऑइलला आडवाट देणाऱ्या झडपेचं) प्रेशरही जुळावं लागतं. तोंडाच्या बारीक भोकांतून आत बघा, मागे रबराची चकती दिसते. बंद इंजिनात ऑइल मागे ओघळू नये म्हणून ती असते. ती कडक किंवा सुरकुतलेली असेल तर सकाळी ऑइलचा लाल दिवा रेंगाळतो आणि इंजिन खडखडतं. नकली फिल्टरमध्ये कागदाच्या घड्या कमी असतात. तो लवकर तुंबतो, बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगांकडे निघतं.

जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबर त्याच्याबरोबरच आलंय ना, हे बोट फिरवून पाहा. ते इंजिनाला चिकटून राहिलं आणि त्यावर नवा बसला तर दुहेरी रबर दाबाखाली सरकतं आणि ऑइल बघता बघता रस्त्यावर. नव्या रबराला ऑइलचं बोट लावा. रबर टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा आवळा. पान्याने आवळणाऱ्याला पुढच्या वेळी फिल्टरमध्ये स्क्रूड्रायव्हर ठोकून तो फिरवावा लागतो. ड्रेन प्लगचा (ऑइल उतरवायच्या बोल्टचा) वॉशर नवा घाला, किमतीवर घासाघीस करू नका.

एअर फिल्टरला हवा आतून बाहेर मारा, तीही बेताने. पेट्रोल फिल्टरवरचा बाण कार्ब्युरेटरकडे.

तीन लिटरचा डबा आणलाय म्हणून अख्खा ओतू नका. अडीच ओता, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा आणि सपाट जागी ऑइल मोजायची काडी बघा. मग थोडं थोडं करत वरच्या खुणेपर्यंत या. त्याच्या वर गेलं की क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाला प्रेशर धरत नाही.

उतरवलेलं ऑइल वॉचमन गेटच्या बिजागरीसाठी मागतो. वाटीभर द्या, बाकीचं गटारात न ओतता गॅरेजच्या पिंपात. रिकाम्या डब्याला मात्र खिळ्याने भोकं पाडा, लेबल टरकवा आणि मगच भंगारवाल्याला द्या. नाहीतर तोच डबा भलतंच ऑइल भरून, नवं सील लावून पुन्हा काउंटरवर येतो.