‘शक्ती’ नव्हे, असे मी का म्हणतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

शेतराखणीच्या जागलीच्या रात्री रेडिओवर ऐकलेल्या आणि पुढे कॅसेटवरून पुन्हापुन्हा ऐकलेल्या एका गिटारवादनाचा शोध मी मागच्या लेखात मांडला होता. त्यावरची आपली परखड प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. आपले म्हणणे असे, की मोबाइलवरील गाणी ओळखणारे ॲप जे काम मिनिटभरात करते त्यासाठी मी उगाच एवढा विस्तार केला, भारतीय वळणाची गिटार आणि सोबत व्हायोलिन म्हटल्यावर ते ध्वनिमुद्रण ‘शक्ती’ या भारतीय-पाश्चात्त्य वाद्यसंचाचेच असणार हे उघड असताना मी उत्तर टाळतो आहे, दिग्रसजवळच्या खेड्यात त्या काळी जॅझ ऐकू येणे संभवतच नाही, म्हणजे ही आठवण नंतर रचली गेली असावी, आणि दंडार, खडी गंमत या आपल्या विदर्भातल्या लोककला लोप पावत असताना परक्या संगीतामागे इतका वेळ घालवणे योग्य नव्हे. हे आक्षेप विचारपूर्वक घेतलेले आहेत, म्हणून त्यांना दोन ओळींत उत्तर देणे मला प्रशस्त वाटत नाही.

प्रथम रेडिओविषयी लिहितो, कारण तो आक्षेप खरा ठरला तर पुढच्या चर्चेला काही अर्थच उरत नाही. शॉर्टवेव्हचे प्रक्षेपण वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर दूर पोहोचते आणि ते शहरात जसे उतरते तसेच वावरातही उतरते. किंबहुना वावरात ते अधिक स्वच्छ लागत असे, कारण मोटारपंप बंद असला की विजेच्या उपकरणांची खरखर तिथे नसे. व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कोनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला आणि सुमारे चार दशके चालला. हे केंद्र अमेरिकेबाहेरच्या श्रोत्यांसाठी होते आणि देशांतर्गत प्रसारणाला कायद्यानेच मज्जाव होता. त्यामुळे पूर्व युरोपात आणि आशियात घरोघरी ओळखला जाणारा हा निवेदक स्वतःच्या देशात जवळजवळ अपरिचित राहिला. इंग्रजी ज्यांची भाषा नाही त्यांना समजावे म्हणून ते मुद्दाम सावकाश आणि सुटेसुटे बोलत. हरभऱ्यात रानडुकरे शिरू नयेत म्हणून मचाणावर रात्र काढणाऱ्या शाळकरी मुलालाही त्यातला बराचसा मजकूर कळत असे. मुंबईच्या रंगभवनात १९७८ पासून ‘जॅझ यात्रा’ भरू लागली होती; तिथवर जाणे आमच्या आवाक्यात नव्हते, पण ट्रान्झिस्टर प्रत्येक मचाणावर होता.

आठवण नंतर रचली जाते, हा आपला मुद्दा मात्र मी हलका मानत नाही. आपण एखादे नवे ध्वनिमुद्रण ऐकतो आणि त्यातला एखादा तुकडा नकळत जुन्या आठवणीत जाऊन बसतो, हे प्रत्येक श्रोत्याच्या बाबतीत घडते. म्हणूनच शोधाला हात घालण्यापूर्वी जे आठवत होते ते मी वहीत लिहून काढले आणि त्यानंतर त्या पानावर एक शब्दही वाढवला नाही. त्या पानावर एवढेच आहे : गिटारचा एक दीर्घ स्वर, जो विरण्याऐवजी फुगत जातो, गिटार आणि व्हायोलिन यांनी मिळून वाजवलेला एक अतिजलद तुकडा, जो एकदम तुटतो, मागे काठ्यांनी वाजवलेला पाश्चात्त्य ड्रमसंच, आठ मात्रांत न बसणारे आवर्तन, आणि एकाच रचनेत स्पष्टपणे वेगळे होणारे भाग.

काळही बऱ्यापैकी निश्चित करता येतो. कॅसेट भरण्याची सोय असलेला टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेले यंत्र, आमच्याकडे सरकारच्या एकाधिकार खरेदीतल्या कापसाच्या चुकाऱ्यातून आला, ते दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांचे, म्हणजे १९८२ चे वर्ष होते. आणि १९८६ मध्ये मी शिक्षणासाठी गाव सोडले. ध्वनिमुद्रण या दोन वर्षांच्या मधले किंवा त्याआधीचे असले पाहिजे. निवेदन संपल्यावर थोरल्या बंधूंनी बटण दाबले आणि रचना पूर्ण होण्यापूर्वीच बाजू संपली, त्यामुळे नाव ना आरंभी मिळाले ना शेवटी. पुढे त्याच कॅसेटवर काकड्याची भजने भरली गेली आणि मूळ ध्वनी पुसला गेला. ॲपविषयीच्या आपल्या सूचनेची अडचण इथेच सुरू होते. शाझमसारखे ॲप ऐकलेल्या ध्वनीतील ठळक कंपनसंख्या आणि त्यांच्यातील काळाचे अंतर यांचा एक ठसा तयार करते आणि तो साठ्यातल्या ठशांशी ताडून पाहते; म्हणजे त्याला तेच ध्वनिमुद्रण प्रत्यक्ष ऐकवावे लागते, दुसऱ्या कोणी वाजवलेली तीच धून त्याला पुरत नाही. गुणगुणून शोधण्याची सोय गूगलने २०२० मध्ये दिली. ती चालीच्या चढउतारावर चालते आणि गायलेल्या गीतांसाठी ती उत्तम आहे. परंतु ज्या संगीताचा बहुतांश भाग त्या क्षणी सुचलेला विस्तार असतो आणि ज्याची चाल कंठाने पेलण्यासाठी बांधलेलीच नसते, तिथे ती निरनिराळ्या वेळी निरनिराळी उत्तरे देते. मी तो प्रयोग केलेला आहे.

त्या कॅसेटविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे आठवणीतील काही भाग बाजूला ठेवावा लागतो आणि काही भागाला उलट बळ मिळते. वीज गेल्यावर आम्ही टू-इन-वन सेलवर चालवत असू आणि सेल उतरले की फीत मंद फिरे. फितीचा वेग सुमारे सहा टक्के घटला की सर्व स्वर अर्ध्या स्वराने खाली येतात आणि लयही तितकीच मंदावते. म्हणून रचनेची पट्टी किंवा वेग यांविषयीच्या माझ्या आठवणीला मी काहीच किंमत देत नाही. परंतु फीत कितीही मंद फिरली तरी आवर्तनातल्या मात्रा कमी होत नाहीत, स्वरांमधील परस्पर अंतरे बदलत नाहीत आणि भागांचा क्रमही बदलत नाही. माझा भर याच गोष्टींवर आहे.

आता ‘शक्ती’. जॉन मॅक्लॉफ्लिन (गिटार), एल. शंकर (व्हायोलिन), झाकीर हुसेन (तबला) आणि टी. एच. विनायकराम (घटम) यांचे ते वादन माझ्याही अतिशय जिव्हाळ्याचे आहे आणि १९७६-७७ मधले त्यांचे तिन्ही संग्रह मी मनापासून ऐकलेले आहेत. त्यामुळेच मला ठामपणे नाही म्हणता येते. त्या संचात मॅक्लॉफ्लिन यांनी मुद्दाम बनवून घेतलेली पोकळ लाकडी गिटार वाजवली. तिच्या मुख्य तारांखाली सतारीच्या तरफांसारख्या सात अनुनादी तारा आडव्या बसवल्या होत्या आणि स्वर ओढून मींड घेता यावी म्हणून पट्टीवरचे लाकूड पडद्यांच्या मधल्या जागी खोलगट कोरलेले होते. अशा वाद्याचा स्वर छेडल्याक्षणी सर्वांत मोठा असतो आणि लगेच उतरू लागतो. मला आठवणारा स्वर याच्या अगदी उलट वागतो : तो वरातीतल्या सनईसारखा धरून ठेवलेला आणि वाढत जाणारा आहे. असा स्वर ॲम्प्लिफायरमधून मुद्दाम विरूपित केलेल्या विद्युत गिटारचाच असू शकतो. शिवाय ‘शक्ती’च्या त्या ध्वनिमुद्रणांत ड्रमसंच नाही; तबला आणि घटम आहेत. शॉर्टवेव्हवर साधारण पाच हजार हर्ट्झच्या पलीकडचा ध्वनी पोहोचत नसे, त्यामुळे झांजांची किणकिण मला ऐकू आली नाही म्हणून ती नव्हती असे मी म्हणणार नाही. परंतु तबल्याच्या दायाची चाट आणि घटमाचा टणत्कार या मर्यादेच्या आत सहज येतात. ते असते तर भजनी मंडळात खंजिरी आणि तबला ऐकत वाढलेल्या कानाला ते चुकले नसते. मॅक्लॉफ्लिन यांनी ‘रिमेम्बर शक्ती’ या नावाने पुढे विद्युत गिटार घेतली हे खरे, पण तो संच १९९७ नंतरचा आहे आणि माझी कॅसेट त्याच्या दहा वर्षांहून अधिक आधीची आहे.

गिटार, व्हायोलिन आणि ड्रम एकत्र असणारे त्या काळातला दुसरा प्रसिद्ध संच म्हणजे मॅक्लॉफ्लिन यांचीच ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’. पहिल्या संचात व्हायोलिनवर जेरी गुडमन, ड्रमवर बिली कोबम आणि कीबोर्डवर यान हॅमर होते. त्यांचे ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ १९७१ मध्ये आणि ‘बर्ड्‌स ऑफ फायर’ १९७३ मध्ये आले, आणि दुसऱ्या संग्रहाची शीर्षकरचना अठरा मात्रांच्या आवर्तनात आहे. विषम आवर्तन, जलद जोडतुकडे, सगळे जुळते. तरीही माझे मन तिथे ठरत नाही, आणि त्याचे कारण वाजवण्याच्या पद्धतीत आहे. मॅक्लॉफ्लिन जवळजवळ प्रत्येक स्वर बोटांत धरलेल्या प्लेक्ट्रमने छेडतात. त्या प्रत्येक आघाताची धार शॉर्टवेव्हच्या खरखरीतूनही वेगळी उमटते. माझ्या आठवणीतला जलद तुकडा मात्र एकसंध वाहणारा आहे, जणू उजव्या हाताने एकदाच छेडून पुढचे सर्व स्वर डाव्या हाताच्या बोटांच्या दाबाने काढले आहेत. त्या काळात ही पद्धत ज्याने टोकाला नेली तो वादक म्हणजे ब्रॅडफर्डचा ॲलन होल्ड्सवर्थ. फ्रेंच व्हायोलिनवादक झाँ-ल्युक पाँती यांच्या १९७७ मधल्या ‘एनिग्मॅटिक ओशन’ या संग्रहात होल्ड्सवर्थ आणि डॅरिल स्टर्मर असे दोन गिटारवादक आहेत, आणि त्यात अनेक भागांत विभागलेल्या दोन दीर्घ रचना आहेत. वहीतल्या पानाशी सर्वांत जवळ येणारे ध्वनिमुद्रण हेच आहे.

मग नाव जाहीर का करत नाही, असे आपण विचाराल. कारण मला गिटार वाटलेला तो फुगणारा स्वर गिटारचाच होता हे अजून सिद्ध झालेले नाही. यान हॅमर मिनीमूग सिंथेसायझरवर स्वर वाकवणारे चाक फिरवून गिटारची इतकी हुबेहूब मींड काढत, की १९७५ च्या ‘द फर्स्ट सेव्हन डेज’ या त्यांच्या संग्रहावर त्यात गिटार नाही असे मुद्दाम छापावे लागले. विद्युत व्हायोलिनही ॲम्प्लिफायरमधून आले, त्यात वरच्या कंपनसंख्या रेडिओने कापल्या, की गिटारपासून वेगळे काढणे अवघड होते. तीन वाद्ये एकमेकांची जागा घेऊ शकत असतील तर मी कोणत्या वादकाचे नाव लिहायचे?

आपल्याला हा काटेकोरपणा अनाठायी वाटतो, मला तो आवश्यक वाटतो. फ्यूजनच्या, म्हणजे अशा मिश्र शैलीच्या संगीताच्या, तबकड्यांवर संचप्रमुखाचे नाव मोठ्या अक्षरांत असते आणि ज्याच्या बोटांतून तो स्वर निघाला त्याचे नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. अंदाजाने लिहिलेले नाव चार ठिकाणी उतरवले गेले की ते पुरावा म्हणून सांगितले जाऊ लागते आणि बारीक अक्षरातला माणूस कायमचा पुसला जातो. भारतीय वळणाची गिटार म्हणजे मॅक्लॉफ्लिन, हे समीकरणच पाहा. मुंबईत जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा १९६७ मध्ये लंडनला गेले. त्यांचे ‘इंटिग्रेशन’ आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासोबतचे ‘हम दोनो’ हे दोन्ही संग्रह १९६९ चे आहेत, म्हणजे ‘महाविष्णू’च्याही आधीचे. जॅझच्या गिटारवर आपल्या रागांचे वळण त्यांनी आणले होते. आपले समीकरण मानले तर त्यांची तबकडी ऐकूनही श्रोता दुसऱ्याचेच नाव घेईल. माझ्या दृष्टीने हा अन्याय आहे आणि तो आपल्या हातून घडू नये.

दंडार आणि खडी गंमत यांविषयीची आपली कळकळ मला पूर्ण मान्य आहे. फक्त एवढेच सांगतो, की आठ मात्रांत न बसणारे आवर्तन ओळखण्याइतका कान मला गावच्या भजनी मंडळानेच दिला आणि त्या मंडळाची ध्वनिमुद्रणे जपण्याचे काम मी याच शोधाच्या जोडीने करत आहे.

आपल्या प्रतिक्रियेतील एक वाक्य मला या सर्व वादापेक्षा मोलाचे वाटले. आपल्या वडीलबंधूंनी त्याच काळात रेडिओवरून भरलेल्या कॅसेटी अकोल्याच्या घरी माळ्यावर पडून आहेत, असे आपण ओघात लिहिले आहे. त्या तशाच घाईने वाजवू नयेत, अशी विनंती आहे. आमच्याकडे पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते. ती दिसली तर कॅसेट यंत्रात घालू नये, नाहीतर तीच बुरशी हेडवर बसून दुसऱ्या कॅसेटीला लागते. उघड्या कडेला मधोमध स्पंजाची किंवा नमद्याची लहान गादी असते, ती निसटली असेल तर आवाज क्षीण आणि बोजड येतो आणि फीत खराब झाल्याचा चुकीचा समज होतो; ती गादी दुसऱ्या कॅसेटीतून काढून बसवता येते. हेड स्पिरिटने पुसून, फीत आधी हाताने पेन्सिलीने थोडी फिरवून सैल करावी आणि मगच संगणकावर उतरवून घ्यावी. उतरवताना मधली खरखर, तुटलेले आरंभ आणि विशेषतः निवेदकाचे बोलणे कापू नये, कारण मला हवे असलेले नाव कदाचित त्या बोलण्यातच असेल. आपली संमती असेल तर मी स्वतः अकोल्याला यंत्र घेऊन येईन. आपल्याला सोयीचा रविवार कृपया कळवावा.

आपला,
लेखक