"जंतानं मेंढी मरत नाही" म्हणे. मग कोकरामागं दोन किलो जातात कुठं?

पंधरा दिवस झाले एक मेसेज फिरतोय. मला चार ग्रुपवर आला, परवा सख्ख्या मामानंपण पाठवला, म्हणून आता लिहितोच. मेसेज असाय: "मेंढीच्या पोटात जंत असणं नैसर्गिक आहे, जंतानं मेंढी मरत नाही. जंताचं औषध ही कंपन्यांची लूट आहे. आपल्या आजोबांनी कधी बाटली आणली नाही. लेंडीत जंत दिसले तरच चिमूटभर मोरचूद पाण्यातून पाजा आणि पैसे वाचवा." खाली हात जोडलेले इमोजी, आणि मेंढपाळ बांधवांपर्यंत पोचवा म्हणून विनंती.

एकेक घेऊ.

"जंतानं मेंढी मरत नाही."

मरते की. गेल्या भादव्यात आमच्या वाड्यावर (म्हणजे मेंढरांच्या तळावर) नऊ दिवसांत चार कोकरं गेली. सगळे म्हणाले आंत्रविषार (आतड्यात विष होऊन जनावर पटकन मरतं तो रोग), पण त्याची लस तर टोचलेली होती. चौथं मेलं तेव्हा डॉक्टरांना बोलावून फाडून बघितलं. मेंढीच्या पोटाला चार कप्पे असतात, त्यातला शेवटचा कप्पा उघडला तर आत दोन-अडीच सेंटिमीटरचे बारीक जंत, लाल-पांढरा पीळ घातलेल्या दोऱ्यासारखे, झुबकेच्या झुबके. ह्याला हिमोंकस म्हणतात. लाल रंग आपल्या कोकराच्या रक्ताचा, पांढरा त्याच्या अंड्यांच्या नळीचा.

हा एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त खातो. ऐकायला काहीच नाही, पण हजार जंत असले तर रोजचं ५० मिली झालं, आणि तीस किलोच्या मेंढीच्या अंगात रक्त असतं सगळं मिळून दोन लिटरच्या आसपास. ती लगेच पडत नाही कारण अंग नवं रक्त बनवत राहतं. पण ते बनवायला लागणारा चारा कुणाच्या वाटणीचा? दुधाचा आणि अंगावरच्या मांसाचा. कोकराचं रक्त तर मुळातच कमी, ते कुठून टिकणार. जबड्याखाली पाणी उतरून पिशवी लोंबायला लागते ना, आपण म्हणतो थंडी बाधली किंवा पाणी बाधलं, ते बऱ्याचदा हेच असतं. (लिव्हर फ्लूक म्हणजे काळजातल्या चपट्या जंतानंपण तसंच होतं, त्याचं औषध वेगळं, म्हणून डॉक्टरला दाखवा.)

"पैसे वाचवा."

हा मला सगळ्यात लागलेला मुद्दा, कारण इथं हिशोबच उलटा मांडलाय. मेलेली मेंढी दिसते, तिचं दुःख होतं, चार लोक येऊन बसतात. जी मेली नाही पण भरली नाही तिचा हिशोब कोण ठेवतो? आकडे मी धरून चालतो, तुम्ही आपापले टाका. शंभर मेंढ्या, विकायला ऐंशी कोकरं, जंतामुळं प्रत्येकाचं वजन दोनच किलो कमी भरलं, आणि जित्या वजनाला किलोला चारशे रुपये धरले तर झाले चौसष्ट हजार. खाटीक वाड्यावर येऊन पाठीवर हात फिरवतो आणि म्हणतो माल हलका आहे, आपण म्हणतो हा लुटतोय, आणि तो बिचारा त्या दिवशी खरं बोलत असतो. शिवाय आईला दूध कमी, जुळ्यातलं एक जगत नाही, मेंढी माजावर उशिरा येते, हे तर मी धरलंच नाही. आणि औषध? तीस किलोच्या मेंढीला अल्बेंडॅझोलचं नेहमीचं पातळ औषध आठ-दहा मिली लागतं, म्हणजे लिटरभर बाटलीत शंभर मेंढरं होतात. बाटली हजाराची धरा, काय फरक पडतो?

हे काय फक्त आपल्याकडचं नाही. युरोपातल्या १८ देशांचा हिशोब २०२० साली आला, गाई-मेंढ्या सगळ्या धरून जंतांमुळं वर्षाला सुमारे १८० कोटी युरो जातात, आणि त्यातले ८१ टक्के पैसे जातात घटलेल्या उत्पादनात, औषधोपचाराला लागतात फक्त १९ टक्के. परत वाचा. नुसत्या मेंढ्यांचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात २०१५ च्या अंदाजानुसार वर्षाला ४३ कोटी डॉलरच्या वर (त्यांचे डॉलर), ब्रिटनमध्ये २००५ च्या हिशोबानं ८ कोटी ४० लाख पौंड. त्यांच्याकडं लोकरीचंही नुकसान त्यात येतं. आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीला भावच नाही, कातरणीची मजुरी निघाली तरी नशीब, म्हणून मी ते सोडून दिलं.

"आजोबांनी कधी बाटली आणली नाही."

हे खरंय, आणि इथं आजोबांना मानलं पाहिजे. पण ते बाटलीशिवाय कसे निभावायचे ते मेसेजवाल्यानं सांगितलंच नाही. माण-खटावकडची मेंढरं दिवाळी झाली की घाट उतरून निघायची, आज ह्याच्या रानात बसवली, दोन दिवसांनी पुढच्या रानात. म्हणजे लेंडीतली अंडी मागं राहायची आणि मेंढी पुढं जायची. हिमोंकसची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते, ओल आणि ऊब मिळाली की आठवड्याभरात त्यातून अळी तयार होऊन गवताच्या पात्यावर चढते, मेंढीनं ती खाल्ली की तीनेक आठवड्यांत पुन्हा अंडी सुरू. आजोबांचा वाडा आठवड्याभरानं त्या रानात नसायचाच! वर माणदेशातला उन्हाळा, त्या उन्हात उघड्या माळावर अळी टिकते होय. आणि आमचे आजोबा गवतावरचं दंव सुकल्याशिवाय वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) उघडायचे नाहीत, त्यांना अळी माहीत नव्हती पण ओल्या गवतात अळी पात्यावर वर चढलेली असते हे त्यांच्या सवयीला माहीत होतं.

आता? गायरानं गेली, वनखात्याचं कुंपण, फिरायला पोरं तयार नाहीत. निम्मे वाडे बागायतीत कॅनॉलच्या कडंला चार-चार महिने एकाच पट्ट्यात चरतात, बारमाही ओल. चराई बदलली, आजोबांचा नियम कसा चालेल. आजोबांसारखं फिरत असाल तर बिनधास्त बाटली कमी करा, मी काही म्हणणार नाही.

"लेंडीत जंत दिसले तरच."

लेंडीत जे पांढरे भाताच्या शितासारखे तुकडे दिसतात ते पट्टकृमीचे. दिसायला किळसवाणे पण तुलनेनं कमी नुकसान करणारे. रक्त पिणारा हिमोंकस लेंडीत दिसतच नाही, त्याची अंडी मायक्रोस्कोपखालीच दिसतात. ताजी लेंडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दवाखान्यात नेऊन द्या, तपासून मिळते.

"चिमूटभर मोरचूद."

हे वाचून मात्र राग आला. मोरचुदात तांबं असतं, आणि जनावरांमध्ये तांब्याला सगळ्यात कच्ची मेंढी. काळजात साठत जातं, महिनाभर काही कळत नाही, मग एक दिवस लघवी लाल-काळी होते, डोळे पिवळे पडतात आणि मेंढी जाते. पूर्वी मोरचुदाचं द्रावण पाजायचे खरं, पण मोजून, आणि चांगलं काही नव्हतं म्हणून. कुणाची चिमूट? तुमची का पैलवानाची? कडुनिंब, बाभळीचा पाला चारा म्हणून खुशाल घाला, तुरट पाल्यानं थोडी मदत होतेही, पण जबड्याखाली पिशवी आलेल्या मेंढीला पाल्यावर ठेवू नका.

"कंपन्यांची लूट."

आता इथं मी निम्मा त्या मेसेजवाल्याच्या बाजूनं आहे. दर महिन्याला सगळ्या कळपाला बाटली रिकामी करायची ही पद्धत पण चुकीचीच, आणि ती आपल्याला शिकवली कुणी हे उघडय. सारखं तेच औषध पाजलं की जे जंत त्यातून वाचतात त्यांचीच पिल्लावळ वाढते. थायाबेंडॅझोल नावाचं जंताचं औषध १९६१ ला बाजारात आलं आणि १९६४ ला अमेरिकेत हिमोंकस त्याला दाद देईना, तीन वर्षं फक्त! त्यात आपण अंदाजानं कमी पाजतो, ते तर जंतांना ट्रेनिंग दिल्यासारखंच. वजन करून पाजा, नाहीतर गटातल्या जड मेंढीच्या हिशोबानं (शेळ्यांचा डोस वेगळा असतो, मेंढीच्या मापानं पाजलं तर कमी पडतं). गाभण मेंढीला पहिल्या महिन्यात अल्बेंडॅझोल देऊ नका, कोकरात व्यंग येऊ शकतं.

उपाय दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांनी काढलाय, फमाचा नावाचं कार्ड. खालची पापणी ओढून आतला रंग कार्डाशी जुळवायचा, लालभडक म्हणजे १, पांढरीफट्ट म्हणजे ५. फिकट निघाली तिलाच औषध. कळपातले बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांच्या पोटात असतात म्हणून हे जमतं, आणि बाकीच्यांच्या पोटात औषध न लागलेले जंत राहतात ते राहू द्यायचेच, त्यांच्यामुळं औषध जास्त वर्षं चालतं. हे फक्त रक्त पिणाऱ्या जंताला लागू, हगवण लावणाऱ्या दुसऱ्या जंतांना नाही. आणि दर वेळी फिकट निघणारी मेंढी ठेवू नका, तिचं बी पुढं कशाला वाढवायचं. राजस्थानात अविकानगरच्या मेंढी संशोधन संस्थेत हिमोंकसला दाद न देणाऱ्या मेंढ्यांची निवड करून वेगळी ओळच वाढवलीय.

परवा आमच्या वाड्यावर ११२ मेंढरांच्या पापण्या बघितल्या, दुपार गेली त्यात. औषध लागलं ३१ ला. बाटली अर्ध्याच्या वर राहिली. आणि संध्याकाळी मामाचा फोन, तोच, मेसेज पाठवणारा: उरलेली देतोस का, आमच्या दोन मेंढ्यांच्या जबड्याखाली पिशवी आलीय.