पीडी-एल१चा आकडा म्हणजे निकाल नव्हे

फुफ्फुसाच्या कॅन्सरबद्दल एक मेसेज बरेच दिवस एका गटातून दुसऱ्या गटात फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: पीडी-एल१ (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन; ते किती टक्के पेशींवर आहे, हा तो आकडा) ही एकच चाचणी करा. आकडा ५० टक्क्यांच्या वर आला तर इम्युनोथेरपीने, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध मोकळं सोडणाऱ्या औषधांनी, गुण येणारच, केमोच्या वाटेला जाऊ नका. शून्य आला तर लाखो रुपये पाण्यात घालू नका. शिवाय आता साध्या रक्ततपासणीवरून एआय आधीच सांगतं, औषध लागू पडेल की नाही.

मी पॅथॉलॉजीत काम करते. हे आकडे आमच्याच टेबलावरून निघतात. ते असे वापरले जाताना गप्प बसवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

'५०च्या वर, म्हणजे गुण येणारच.'
ही समजूत ज्या अभ्यासाच्या जोरावर पसरली, तो कीनोट-०२४ हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३०५ रुग्ण होते आणि सगळ्यांचाच पीडी-एल१ निदान ५० टक्के होता. पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४५ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. केमोच्या गटात हेच प्रमाण २८ टक्के होतं. पाच वर्षांनी पहिल्या गटातले सुमारे ३२ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले १६. पसरलेल्या कॅन्सरमध्ये हे फार मोठं यश आहे. पण निवडून घेतलेल्या, सर्वांत अनुकूल रुग्णांतही निम्म्याहून अधिकांच्या गाठी तेवढ्या आकसल्या नाहीत. 'येणारच' हे कुठून आलं?

कारण समजायला सोपं आहे. आपल्या टी-पेशींवर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढणाऱ्या पेशींवर, पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. कॅन्सरची पेशी आपल्या अंगावरचं पीडी-एल१ दाखवून तो दाबते आणि औषध तो सोडवतं. (या ब्रेकांवरच्या संशोधनासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं.) पण टी-पेशी गाठीपर्यंत पोचल्याच नसतील, तर ब्रेक सोडवून काय होणार? आमच्या आकड्यात ते दिसत नाही. एसटीके११ किंवा केईएपी१ या जनुकांत बिघाड असलेल्या बऱ्याच गाठी या औषधांना दाद देत नाहीत, तेही त्यात दिसत नाही.

'शून्य, म्हणजे पैसे पाण्यात.'
मेसेजमधलं हे वाक्य मला सर्वांत जास्त छळतं, कारण ते वाचून माणसं उपचार सोडतात. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. एकटी इम्युनोथेरपी द्यायची असेल तर कमी आकड्याला आशा कमी, हे खरं. केमोबरोबर दिली तर चित्र बदलतं. २०१८च्या कीनोट-१८९ अभ्यासात ६१६ रुग्ण होते. त्यातल्या एक टक्क्याहून कमी पीडी-एल१ असलेल्यांपैकी दोन्ही मिळून घेणारे सुमारे ६२ टक्के रुग्ण एका वर्षानंतर हयात होते, नुसत्या केमोवरचे ५२. खर्च परवडतो की नाही हा प्रश्न खराच आहे, आणि तो डॉक्टरांसमोर उघडपणे मांडावा. पण शून्य आकडा हे त्याचं उत्तर नव्हे.

आता तो आकडा निघतो कसा, तेही पाहा. सुईने काढलेला दोऱ्याएवढा तुकडा मेणात बसवतात, त्याचे पातळ काप घेऊन रंगवतात. मग मायक्रोस्कोपखाली कॅन्सरच्या शंभर पेशींपैकी कितींच्या कडेला तपकिरी रंग चढलाय, ते पाहायचं. अर्धवट, फिकट कडही धरायची. फुफ्फुसातले मॅक्रोफेज, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या साध्या पेशी, याही तपकिरी होतात, ते वगळायचे. निदान १०० जिवंत कॅन्सर पेशी नसतील तर आकडा देऊच नये. त्याच रुग्णाच्या फुफ्फुसातला तुकडा आणि लिम्फ नोडमधला तुकडा वेगवेगळं सांगू शकतात. रंगवायला वापरतात त्या २२सी३ आणि एसपी१४२ या दोन अँटिबॉडींनीही आकडा वेगळा येतो. दुसरीने कॅन्सरच्या पेशी कमी रंगतात. तेव्हा ४५ आणि ५५ यांत नशिबाची रेघ ओढू नका.

'एआय रक्तावरून आधीच सांगतं.'
असे प्रयत्न चालू आहेत आणि ते चांगले आहेत. २०२४ साली पुढे आलेलं लोरिस हे मॉडेल सहा गोष्टी बघतं: वय, कॅन्सरचा प्रकार, आधीचे उपचार, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन, न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशींचं प्रमाण आणि गाठीतल्या जनुकीय बदलांची संख्या. शेवटची गोष्ट साध्या रक्ततपासणीत कळत नाही. शिवाय अल्ब्युमिन खाली गेलेला रुग्ण मुळातच खंगलेला असतो. कुठल्याही उपचारावर त्याला जड जातं. रुग्ण किती काळ तग धरेल हा एक अंदाज, आणि या औषधाने फरक पडेल का हा दुसरा. मेसेजने दोन्ही एकाच पिशवीत कोंबलेत.

'एकच चाचणी करा.'
सर्वांत घातक सल्ला हाच. कीनोट-०२४मध्ये ईजीएफआर किंवा एएलके जनुकांत बदल असलेल्या रुग्णांना घेतलंच नव्हतं. म्हणजे ५० टक्क्यांचा तो नियम त्यांच्यासाठी नाहीच. भारतात अ‍ॅडिनोकार्सिनोमा या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या प्रकारात साधारण पाव रुग्णांत ईजीएफआरमधला बदल सापडतो आणि त्यात कधीच विडी-सिगरेट न ओढलेल्या बायका बऱ्याच असतात. अशा एखाद्या बाईचा पीडी-एल१ ८० टक्के येतो आणि घरच्यांना हायसं वाटतं. पण २०१९च्या एका आंतरराष्ट्रीय नोंदवहीत, एकटी इम्युनोथेरपी दिल्यावर ईजीएफआरवाल्यांपैकी जेमतेम १२ टक्क्यांच्या गाठी आकसल्या, एएलकेवाल्यांत एकाचीही नाही. यांना आधी लागते ती त्या-त्या जनुकावर नेम धरणारी गोळी, ईजीएफआरवाल्यांना ओसिमर्टिनिबसारखी.

'दोन्ही एकामागून एक देऊन बघू' असं म्हणणंही धोक्याचं. इम्युनोथेरपीचं औषध शरीरात बरेच आठवडे टिकून राहतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये २०१९ साली तपासलेल्या नोंदींत, आधी इम्युनोथेरपी आणि मग ओसिमर्टिनिब घेतलेल्या ४१ जणांपैकी सहा जणांना गंभीर दुष्परिणाम झाले, त्यात फुफ्फुसाला सूजही. उलट क्रमाने घेतलेल्यांत असं कुणालाच झालं नाही.

म्हणून पीडी-एल१चा कागद हातात आला की पहिला प्रश्न हा विचारा: जनुक तपासणीचा रिपोर्ट आला का? त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात. बायोप्सीत तुकडा पुरेसा नसेल तर रक्तातूनही ती करता येते. रक्तातली ही तपासणी निगेटिव्ह आली तर मात्र तेवढ्यावर विसंबू नये. रुग्णाला धाप लागतेय, थांबणं शक्य नाही, अशा वेळी डॉक्टर पहिली सायकल (उपचाराची फेरी) नुसत्या केमोची देऊ शकतात आणि रिपोर्ट आल्यावर दुसऱ्या सायकलपासून इम्युनोथेरपी जोडू शकतात.