कोपऱ्यातलं मराठी नाव

आठवडाभर आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाद पेटलाय. नागपुरात धरमपेठेतल्या चुलतभावाने घर खाली करून घ्यायला भाडेकरूवर दावा लावला. तारखेला मागच्या बाकावर दोन अनोळखी पोरं वहीत काहीबाही लिहीत बसली होती, बहुधा लॉ कॉलेजची. तेवढ्यावरून हा भडकला. "घरची भानगड लोकायनं काहून पाहावी? दार लावून चालवा ना." वर मला, "तुले तिकडं बसून काय समजते!"

समजते ना, भाऊ. दिवाणी कोर्ट खुलंच असतं, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १५३-ब वाच. आणि इथे कॅनडात, ओंटारिओत तर २०२० पासून भाड्याच्या बहुतेक सुनावण्या ऑनलाइन होतात, कोणीही येऊन बघावं. आपला नंबर लागेस्तोवर दुसऱ्यांच्या थकबाक्या ऐकत बसायचं. कोणी टिम हॉर्टन्स कॉफीशॉपच्या पार्किंगमधून बोलतं, कोणाच्या मांडीवर पोर. लाजबीज काही नाही. (तारीख मिळायलाच महिनोन् महिने जातात, ते मी ग्रुपवर लिहिलं नाही.)

भावाला कोण सांगणार, आम्ही नागपुरातल्या महाल भागात भाडेकरू होतो. तेव्हा विदर्भात १९४९चा भाडे नियंत्रण आदेश चाले. नोटीस द्यायच्या आधी मालकाला रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. २००० साली नवा कायदा आला नि ते संपलं. मालकाने भाडं घेणं बंद केल्यावर बाबा दर महिन्याला मनीऑर्डर करत. ती "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन परत येई. ते कागद रबर लावून बिस्किटाच्या डब्यात. सुनावणीला बाबा मला न्यायचे, शेजारच्या दोघांनाही. म्हणायचे, "आपलं कोणी बसून असलं की साहेब नीट ऐकतात."

मागच्या वर्षी माझ्या बेसमेंटमधल्या पोराने चार महिन्यांचं भाडं थकवलं. एन-४, म्हणजे थकल्या भाड्यापायी घर सोडायची नोटीस दिली, तारीख लागली. सुनावणीला हजर असलेल्यांच्या यादीत खाली कोपऱ्यात एक मराठी नाव दिसलं. मी झटकन कॅमेरा बंद केला, नाव पुसून नुसती आद्याक्षरं ठेवली. त्या घडीला कोणी दार लावलं असतं तर पाया पडलो असतो. समोरचा पोरगा मात्र कॅमेरा चालू ठेवून एकटाच बसला होता. त्याच्याकडून कोणी नव्हतं.

यंदा मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना मी एकेक चेहरा निरखत होतो. प्रसादाच्या रांगेत मागून एकाने खांद्यावर हात ठेवला.

"काय दादा, बेसमेंट रिकामं झालं ना तुमचं? माझा भाचा येऊन राहिला जानेवारीत."