टाकी भरत चाललेला ट्रक

ट्रकचा मीटर बोर्ड, म्हणजे ड्रायव्हरसमोरचा काट्यांचा फलक, बदलणं हे अर्ध्या तासाचं काम, असं कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर कुणीही सांगेल. चार स्क्रू, दोन कपलर (वायरींचे जोड), एक कटिंग चहा. आणि ते खोटं नाही. खरा वेळ त्यानंतर जातो, नवा बोर्ड जे दाखवतोय त्यातलं किती मनावर घ्यायचं हे ठरवण्यात.

“काटा हलतोय ना शेठ? मग झालं!” हे या धंद्यातलं अंतिम प्रमाणपत्र. काटा हलतो, त्याबद्दल वादच नाही. इंडिकेटर दिला की डिझेलचा काटा ठेका धरतो. हेडलाइट लावले की इंजिन एकाएकी तापतं. वायपर चालू केला की ऑइल प्रेशरची तब्येत बदलते. एवढं सगळं बघून मालक काय करतो, तर दुसरा बोर्ड आणतो. तोही भंगारातून, तोही “सेम टू सेम”.

माझ्या मते बोर्डावर खटला सगळ्यात शेवटी भरावा. आधी अर्थिंग (करंटची चासीमार्गे परतीची वाट), मग सप्लाय, मग टाकीतला डिझेल मोजणारा फ्लोट आणि इंजिनवरचे सेन्सर; हे सगळे निर्दोष सुटले तरच बोर्डाला हात लावायचा. पण अर्थिंगच्या नटाला कुणी पैसे देत नाही आणि बोर्डाचं बिल फाडता येतं, त्यामुळे क्रम नेहमी उलटा लागतो.

इंडिकेटरच्या तालावर एकापेक्षा जास्त काटे डोलत असतील तर अर्थिंग गेलं, असं डोळे झाकून धरून चाला. न्हावा-शेवाच्या बंदरात कंटेनर उचलणाऱ्या गाड्यांना खारी हवा बारमाही आणि पाऊस चार महिने. डॅशबोर्डामागचा अर्थचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची कडी, वरून ठीक दिसतो, पण नट काढला की खाली हिरवी पूड आणि गंज. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल प्रोब बोर्डाच्या अर्थ पिनेवर, कपलर लावलेलाच ठेवून मागच्या बाजूने. आता इग्निशन, हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, ब्लोअर असं सगळं लग्नघर चालू करा. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर करंटला परतीची वाट सापडत नाहीये आणि तो गेजमधून, म्हणजे काट्यांच्या यंत्रातून, फिरून चाललाय. लग काढा, पत्रा चकाकेपर्यंत घासा, नट घट्ट करा, वरून थोडं ग्रीस. समाधान होत नसेल तर थेट चासीपर्यंत अडीच स्क्वेअर एमएमची वेगळी वायर टाका.

इथे एक गंमत होते. ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. निगेटिव्ह म्हणजे ज्या टर्मिनलवरून जाड केबल चासीला गेली आहे तेच. घाईत प्रोब मधल्या जोडकेबलवर टेकला की मीटरवर उणे १२ येतं आणि अख्खी गल्ली गोळा होते.

मग सप्लाय. कपलर बसला म्हणजे जुळला असं नाही. साचा तोच, पण आतल्या पिना मॉडेलगणिक इकडच्या तिकडे झालेल्या असतात. म्हणून जुना बोर्ड काढण्यापूर्वी दोन्ही कपलरचे फोटो काढा आणि पिनांचे नंबर लिहून ठेवा. वायरच्या रंगांवर भिस्त ठेवू नका. दोन-तीन वायरमनच्या हाताखालून गेलेल्या गाडीत कापणाऱ्याच्या खिशात जो तुकडा होता तोच रंग. बऱ्याच आकृत्यांमध्ये ३० म्हणजे कायम चालू सप्लाय, १५ म्हणजे चावी फिरवल्यावरचा, ३१ म्हणजे अर्थ आणि ५८ म्हणजे पार्किंग लाइट. चारही मोजून घ्या. ३० आणि १५ ची अदलाबदल झाली तर चावी काढल्यावरही बोर्ड जागाच राहतो आणि सकाळी स्टार्टर नुसता कुंथतो. बोर्ड २४ व्होल्टचाच आहे ना, हेही पाहा. १२ व्होल्टवाला लावलात तर तो क्षणभर फार सुंदर उजळतो.

आता डिझेलचा काटा. माझं सगळ्यात लाडकं प्रकरण. टाकीतला फ्लोट म्हणजे वर-खाली होणारा रेझिस्टन्स. एका जातीत रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३. दुसऱ्या जातीत रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. म्हणजे दोन्हींची दिशाच उलटी. पहिल्या जातीचा फ्लोट टाकीत आणि दुसऱ्या जातीचा बोर्ड केबिनमध्ये असेल, तर तुडुंब भरलेली टाकी रिकामीच्या जवळ दिसते. ड्रायव्हरमामा उरणहून भिवंडीकडे निघाले की जसजसं डिझेल जळेल तसतशी टाकी भरत जाते. शिळफाट्याला अर्धी, पुढे पाऊण. मालक खूश, मामा खूश. घात असा की अर्ध्या टाकीला दोन्ही जातींचा आकडा शंभर ओहमच्या आसपास येतो, म्हणजे तिथे काटा चक्क खरं बोलतो. अर्ध्यावर तपासून ज्याने “ओके” म्हटलं, तो गाडी मुंब्रा बायपासच्या चढावर उभी करतो. टाकी फुल, इंजिन बंद. लाइनमध्ये हवा शिरलेली, त्यामुळे नुसतं डिझेल ओतून भागत नाही. हातपंप मारून हवा काढत बसा, मागून हॉर्न ऐकत.

उपाय पन्नास रुपयांच्या आत आहे. १०, ३३, १०० आणि १८० ओहमचे पाच वॅटचे रेझिस्टर घ्या. फ्लोटची वायर टाकीवरून काढा आणि त्या वायरीपासून अर्थपर्यंत एकेक रेझिस्टर जोडून काटा कुठे जातो ते पाहा. एका कागदावर बोर्डाची जात उघडी पडते. मग फ्लोट मोकळा करून हाताने वर-खाली करत ओहम मोजा. दोघांची पत्रिका जुळली नाही तर बोर्डाशी झुंजू नका, फ्लोट बदला. टाकी उघडी असताना बिडी लांब, हे सांगावं लागतं म्हणून सांगतो.

तापमानाच्या काट्याचं थोडक्यात होतं. सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. वायर काढली की काटा थंडीकडे आणि क्षणभर अर्थला टेकवली की गरमीकडे गेला पाहिजे. दोन्ही झालं तर वायर आणि गेज शाबूत, दोष सेन्सरचा किंवा जातीचा. एकवायरी सेन्सर इंजिनच्या लोखंडातूनच अर्थ घेतो. त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे सात फेरे मारणाऱ्या कारागिराने पाणी अडवलं आणि करंटही.

सगळ्यात महागडा विनोद मात्र बोर्डावरच्या बॅटरीच्या दिव्याचा. बऱ्याच अल्टरनेटरना (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रांना) सुरुवातीला जागं करणारा करंट त्या तीन वॅटच्या बल्बमधून जातो. नव्या बोर्डात हौसेने एलईडी घातले, की तो करंट जेमतेम उरतो. दिवा मस्त लागतो, पण सावकाश चालीत चार्जिंग सुरूच होत नाही. रेस केल्यावर कधीतरी होतं. तुर्भ्याच्या मार्केटबाहेर तासभर रांगेत सरकणाऱ्या गाडीची बॅटरी बसते. मग अल्टरनेटर खोलला जातो, कार्बन बदलतात, रेग्युलेटर बदलतात, शेवटी बॅटऱ्याही बदलतात. इंजिन चालू असताना बॅटऱ्यांवर साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट हवेत. २५ च्या खालीच घुटमळत असेल तर आधी तो दिवा पाहा. जुना बल्ब परत घाला, नाहीतर एलईडीला समांतर २२० ओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर लावा.

नव्या गाड्यांत बहुतेक काटे कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या, दोन पिळलेल्या वायरींवरून हुकूम घेतात. तिथे टेस्ट लॅम्प अजिबात घुसवायचा नाही. बॅटरी कटऑफ करून दोन्ही वायरींमध्ये ओहम मोजा: ६० हवेत, कारण दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात. १२० आले तर जुन्या बोर्डाबरोबर एक टोकही भंगारात गेलं. ४० आले तर नव्याने एक जास्तीचं आणलंय.

स्पीडचा काटा जुळवायला रात्री सायन-पनवेल हायवेवर मोबाईलचा जीपीएस लावून बघा. मोबाईल मात्र क्लीनरच्या हातात. जीपीएस ६० म्हणतोय आणि काटा ४८, तर बोर्डात भरलेला पल्सचा आकडा (एका किलोमीटरला सेन्सरचे किती ठोके) ०.८ ने गुणा. ८००० असेल तर ६४०० करा. काटा कमी दाखवतोय म्हणजे आकडा वाढवायचा, असं ज्याला वाटतं त्याची गाडी दुसऱ्या फेरीत आणखी सावकाश धावते.

उरले किलोमीटर. भंगारातल्या बोर्डाने आधीच्या गाडीचं आयुष्य सोबत आणलेलं असतं. दोन्ही आकडे, तारीख आणि गाडीचा नंबर बिलावर लिहून घ्या, जुन्या बोर्डाचा फोटो जोडा, आणि एक चिठ्ठी सर्व्हिस बुकात चिकटवा. उद्या गाडी विकताना गिऱ्हाईक तरीही म्हणेलच, “मीटर मागे केलाय ना शेठ?” निदान बिल दाखवता येईल.